पिनकोड दोनदा लिहिला, तर अवयव कसे पाडायचे?

प्रश्न : आपल्या कोल्हापूर शहराचा पिनकोड ४१६००१ सलग दोनदा लिहिला, की ४१६००१४१६००१ ही बारा अंकी संख्या होते. तिचे मूळ अवयव हाताने पाडता येतील का? ३ ने भाग जातो, पुढे अडलो.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतील, आणि एका कागदात. मूळ संख्यांनी ओळीने भागत सुटलात, तर वर्गमुळापर्यंत म्हणजे जवळपास ६ लाख ४५ हजारांपर्यंत जावं लागेल. त्या वाटेला जाऊच नका. आधी संख्येची ठेवण बघा. सहा अंकी गट जसाच्या तसा दोनदा आला, की संख्या त्या गटाच्या १०,००,००१ पट असते. १०,००,००१ = १०१ × ९९०१, आणि हे दोन्ही मूळ. गट कोणताही घ्या, हे दोन अवयव ठरलेलेच.

उरला ४१६००१. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने नाही. भागाकार १३८६६७. आता ७, ११ आणि १३ एकदम तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१ आहे. शेवटच्या तीन अंकांतून आधीचे तीन वजा करा : ६६७ − १३८ = ५२९. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. पण ही वजाबाकी पुसू नका! ५२९ हा २३ चा वर्ग, आणि १३८ म्हणजे २३ × ६. १३८६६७ = १३८ × १००१ + ५२९; दोन्ही पदांना २३ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही. भागाकार ६०२९.

इथे घाई नडते. ६०२९ मूळ 'दिसते' म्हणून सोडू नका, आणि ४१६००१ च्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६४४ पर्यंत तपासतही बसू नका. संख्या लहान झाली की मर्यादाही खाली येते. ६०२९ चं वर्गमूळ ७७ च्या किंचित वर, म्हणून ७३ पर्यंत पुरे. लहान मूळ संख्या आधीच बाद झाल्या. १७ पासून ७३ पर्यंत पंधराच भागाकार उरतात. त्यात २३ पुन्हा घ्यायचा, कारण एखादा अवयव दोनदाही येऊ शकतो (इथे बाकी ३). ६७ ला जपून : बाकी ६६ येते, भाग एकाने हुकतो. एकानेही भाग जात नाही, म्हणून ६०२९ मूळ.

४१६००१४१६००१ = ३ × २३ × १०१ × ६०२९ × ९९०१. पाचही अवयव वेगळे, म्हणून एकूण विभाजक ३२.

प्रश्न : नुसता ४१६००१ हर्षद आहे का? स्वयंभू आहे का?

उत्तर : दोन्ही नाही. हर्षद संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. हे नाव देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलं. इथे बेरीज १२, सम, संख्या विषम. विषय संपला.

स्वयंभू संख्या कुठल्याही 'संख्या + तिच्या अंकांची बेरीज' अशा रूपात मिळत नाही. अशी मिळाली, तर जिच्यापासून मिळते ती तिची जनक संख्या. जनक संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर बाकी सारखीच राहते. ४१६००१ ची बाकी ३, म्हणून इथे ती ६ च हवी (६ + ६ = १२, बाकी ३). बेरजा तपासायच्या त्या ६, १५, २४, ३३ एवढ्याच. पहिल्या तीन जुळत नाहीत. ३३ वजा केल्यावर ४१५९६८ येते, आणि ४+१+५+९+६+८ = ३३. म्हणजे जनक सापडला, संख्या स्वयंभू नाही.