सॉफ्टवेअर गणिताने सिद्ध केलं म्हणजे विषय संपला का?

प्रश्न : पॅरिसमधे ड्रायव्हर नसलेली मेट्रो आहे आणि तिचं सॉफ्टवेअर बरोबर आहे हे चक्क गणिताने सिद्ध केलंय असं वाचलं. मग विमानाचा ऑटोपायलट, सेल्फ ड्रायव्हिंग गाड्या यांचंही तसंच करून टाकायचं ना, अडतं कुठे? मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे शिकायचं तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बरोबर वाचलंय तुम्ही. पॅरिसची ही मेट्रो, म्हणजे 'लाइन १४', ऑक्टोबर १९९८ मधे सुरू झाली, पहिल्यापासूनच ड्रायव्हरशिवाय. तिच्या सॉफ्टवेअरमधला जो भाग चुकला तर माणसं मरतील तेवढा बी मेथडने लिहिला. म्हणजे काय कधीच होता कामा नये हे आधी गणिताच्या भाषेत मांडायचं, मग पायरीपायरीने कोडपर्यंत उतरायचं आणि दर पायरीला सिद्धता द्यायची. त्यातून एडा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला सुमारे ८६ हजार ओळींचा कोड तयार झाला आणि त्याचं युनिट टेस्टिंग, म्हणजे एकेक तुकडा चालवून तपासणं, केलंच नाही! टेस्टिंगमधे आपल्याला सुचतील तेवढ्याच केसेस तपासल्या जातात, सिद्धतेत न सुचलेल्याही येतात.

पण मेट्रोला रूळ आहेत, प्लॅटफॉर्मला दारं आहेत. रस्त्यावरच्या गाडीचं तसं नाही, तिथे समोर माणूस आहे की सावली हे उदाहरणांवरून शिकलेलं न्यूरल नेटवर्क ठरवतं आणि त्याने 'बरोबर' ओळखलं म्हणजे नेमकं काय हे गणितात धड मांडताच येत नाही, मग सिद्ध कशाचं करणार.

तरी मला विचाराल तर खरी मेख वेगळीच आहे, ती म्हणजे मशीन काय करतंय आणि माणसाला ते काय करतंय असं वाटतंय यातला फरक. २० जानेवारी १९९२ ला एअर इंटर या फ्रेंच कंपनीचं ए३२० विमान फ्रान्समधे स्ट्रासबर्गला उतरताना डोंगरावर आदळलं, ९६ पैकी ८७ जण गेले. ऑटोपायलटला खाली उतरायचं दोन प्रकारे सांगता यायचं, किती अंशांच्या कोनात किंवा मिनिटाला किती फूट या वेगाने, आणि दोन्हीसाठी नॉब एकच, डिस्प्लेही एकच. कोन असेल तर -३.३ दिसायचं, वेग असेल तर -३३, म्हणजे मिनिटाला ३३०० फूट. चौकशीत सगळ्यात जास्त शक्यता हीच दिसली की पायलटना ३.३ अंश हवे होते आणि मोड वेगाचा होता. सॉफ्टवेअरने सांगितलं ते तंतोतंत केलं, सिद्धता मागितली असती तर तीही मिळाली असती. पुढे तो डिस्प्ले बदलून चारही आकडे दाखवायला लागले. त्यासाठी ८७ माणसं जावी लागली याचा मला आजही राग येतो.

हे आधी पकडता येतं का? बऱ्याच अंशी येतं. जॉन रशबी या संगणकशास्त्रज्ञांनी एमडी-८८ विमानाच्या ऑटोपायलटवर ते करून दाखवलं. सिम्युलेटरमधे एक प्रकार घडला होता, पायलटने ठराविक उंची सेट केलेली, विमान तिथे थांबायच्या तयारीत असतानाच त्याने चढण्याचा वेग जरा बदलला, तेवढ्याने 'थांब' हा हुकूमच रद्द झाला आणि विमान ती उंची ओलांडून वर जात राहिलं. रशबींनी दोन छोटी मॉडेल्स केली, एक ऑटोपायलटचं आणि एक पायलटच्या डोक्यातल्या ऑटोपायलटचं, दोन्ही मॉडेल चेकरला, म्हणजे मॉडेलच्या सगळ्या शक्य अवस्था तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, दिली आणि विचारलं की ही दोघं कुठे वेगळं बोलतात ते शोध. त्याने नेमका तोच प्रकार काढून दिला! म्हणून माझं ठाम मत आहे की माणूस कंट्रोलवर असेल तर त्याची समजूतही मॉडेलमधे हवी, नुसता कोड सिद्ध करून सर्टिफिकेट देऊ नये.

आता तुमचं. कोर्सच्या मागे लागू नका, आधी स्पिन किंवा टीएलए प्लस ही मॉडेल तपासायची टूल्स उतरवून घ्या, दोन्ही फुकट आहेत. लिफ्ट किंवा लेव्हल क्रॉसिंगचं फाटक असं काहीतरी छोटं मॉडेल करा, चेकर चूक दाखवतो तेव्हा कुठल्या पायऱ्यांनी तिथे पोचलो तेही दाखवतो, ती यादी नीट वाचायची सवय लावा. प्रपोझिशनल लॉजिक ('आणि', 'किंवा', 'नाही' यांचं तर्कशास्त्र) कच्चं असेल तर ते मात्र आधी पक्कं करा. आणि आपल्याकडे हे काम होत नाही असं समजू नका, आयआयटी मुंबईत खूप वर्षांपासून चाललंय, पुण्यात टीसीएस रिसर्चचा व्हेरिअ‍ॅब्स हा टूल सॉफ्टवेअर तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला आहे. मॉडेल जमलं की त्यात फाटकवाला पण घाला आणि काय होतं ते कळवा.