भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख कोण? त्यांची कारकीर्द कशी होती?

एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी. १ एप्रिल १९५४ला त्यांनी सूत्रं घेतली. स्वातंत्र्य मिळून सात वर्षं होत आली तरी तोवर प्रमुख ब्रिटिशच होते! इंग्लंडमधल्या क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात शिकून आलेल्या पहिल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी ते एक. १९३३मध्ये कराचीत दलाची पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली ती अवघ्या चार वापिती विमानांवर, तीही दुपंखी, उघड्या कॉकपिटची. त्यांवरच वायव्य सरहद्दीवर कामगिऱ्या झाल्या. १९३९मध्ये त्याच स्क्वाड्रनचे ते कमांडर झाले. हा मान मिळालेले पहिले भारतीय. प्रमुखपदाच्या काळात हंटर, कॅनबेरा ही जेट विमानं दलात आली. १९६०मध्ये टोकियोत जेवताना घास अडकून ते गेले, जेमतेम ४९व्या वर्षी. त्यांच्या पत्नी शारदाबाई, माहेरच्या पंडित, पुढे रत्नागिरीतून खासदार आणि नंतर गुजरातच्या राज्यपाल झाल्या.