पुस्तक महोत्सव आणि 'सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचा' असले उपक्रम, यातून खरंच काही होतं का?

तुम्ही विचारलंय की यातून वाचक वाढतात का नुसते सेल्फी. सेल्फी वाढतात हो, खोटं कशाला बोलू. मी दोन वर्षं एका महोत्सवात व्हॉलंटियर होते, खुर्च्या लावा, माइक फिरवा असली कामं, आणि लेखकाची सही घ्यायला तासभर लाइनीत थांबलेल्या कितीतरी जणांनी पुस्तक तिथेच स्टॉलवर घेतलेलं असायचं, पावती अजून आतच. पुढे वाचलं की नाही देव जाणे. अर्थात छोट्या प्रकाशकांची, एरवी दुकानात न दिसणारी पुस्तकं हातात घेऊन चाळायला मिळतात तेही काही कमी नाही. वेल्समधलं हे-ऑन-वाय तर एवढंसं गाव, जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी आधीपासून माहीत होतंच, पण १९८८ ला महोत्सव सुरू झाला आणि आता तिथे कुठून कुठून लोक येतात. पण मांडव उतरला की पुढे काय, हा प्रश्न राहतोच.

मला जास्त पटतं ते सामूहिक वाचन. सिएटलच्या पब्लिक लायब्ररीत नॅन्सी पर्ल म्हणून लायब्रेरियन होत्या, त्यांनी १९९८ ला हे चालू केलं, अख्ख्या शहराने एकच पुस्तक वाचायचं आणि मग ठिकठिकाणी बसून त्यावर बोलायचं. २००१ ला शिकागोने उचललं, मग बऱ्याच शहरांनी. न्यूयॉर्कमध्ये मात्र २००२ ला पुस्तक कुठलं घ्यायचं यावरच जुंपली (हे वाचून मला फार बरं वाटलं, आमच्या वाचनाच्या ग्रुपमध्येही दोन मीटिंगा त्यातच गेल्या).

आमचा ग्रुप वीस जणांचा आणि कॉप्या सहा, त्यामुळे एकाचं झालं की दुसऱ्याकडे असं चालायचं. माझ्याकडे कॉपी आली तेव्हा एका पानावर, नायक आईला न सांगता घर सोडतो तिथे, कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं 'खोटं!' आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात 'का?'. चर्चेच्या दिवशी कळलं की 'खोटं' लिहिणारे म्हणजे कोपऱ्यात बसणारे, एरवी तोंडही न उघडणारे एक काका, आणि 'का' लिहिणारी कॉलेजातली मुलगी. दोघं वीस मिनिटं भांडले, काका म्हणे असं कोणी जात नाही, मी गेलोय ना, मला माहितीय. एकदम शांतता. ती मुलगी पण गप्प, मग हळूच म्हणाली, तुम्ही सांगून गेला होतात का? आता स्टेजवर लेखक बोलतोय आणि समोर पाचशे माणसं बसलीत, तिथे काका हे बोलले असते का सांगा.

तुम्ही सुरू करणार असाल तर बारीकसं पुस्तक घ्या, दीड-दोनशे पानांचं, जाड घेतलंत की निम्मे लोक न वाचताच येतात (किंवा येतच नाहीत), आणि सगळ्यांना आवडेल असं शोधत बसू नका, थोडं खटकणारंच बरं. लेखकाला पहिल्याच वेळी बोलावू नका. आणि कॉप्यांसोबत पेन्सिल द्या, पेन नको, आमच्या लायब्ररीवाल्यांनी त्यावरून बरंच ऐकवलं होतं.