घर हातचं जाईल म्हणून कशावरही सही करावी का?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून म्युनिकला आलो. तेव्हापासून सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहतो. चाळीसेक अर्ज केल्यावर आता एक दोन खोल्यांचं घर मिळतंय. मूळ भाडं १,५०० युरो. मालकांच्या अटी अशा : ४,५०० युरो डिपॉझिट सही होताच एकरकमी, त्यांनीच नेमलेल्या एजंटला १,२०० युरो, करार फक्त दोन वर्षांचा, आणि पत्त्याची नोंदणी 'सध्या नको'. परवापर्यंत सही केली नाही तर घर दुसऱ्याला जाईल. जानेवारीत पत्नी आणि मुलगी येणार आहेत. काय करू?

उत्तर : तुमची घालमेल समजते. चार अटींपैकी तीन अशा आहेत की त्यांवर सही केलीत तरी कायदा नंतर बऱ्याच अंशी तुमच्या बाजूने उभा राहील. चौथीवर मात्र अडून बसा. घर गेलं तरी चालेल.

आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय असते. कागदावर लिहिलं ते झालं, असं आपण धरून चालतो. जर्मनीत घरभाड्याचे बरेच नियम असे आहेत की भाडेकरूने सही करून ते सोडून दिले तरी सुटत नाहीत. कायद्याविरुद्धचं कलम करारात असलं तरी निरर्थक ठरतं.

डिपॉझिटचंच पाहा. मूळ भाड्याच्या तीनपट ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे मागितलेला आकडा बरोबर आहे. पण ती रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना द्यायचा, सही करताना नाही. एजंटला मालकांनी नेमलं असेल तर त्याची फी मालकांनीच द्यायची. १ जून २०१५ पासून हाच कायदा आहे. आधी लेखी विचारा की ही रक्कम कशाबद्दल आहे. तरीही अडवलंच तर बँकेतून भरा, पावती जपून ठेवा आणि नंतर परत मागा.

दोन वर्षांच्या मुदतीला कायद्याला मान्य असलेलं कारण लागतं. उदाहरणार्थ, पुढे मालकांना स्वतःला किंवा त्यांच्या कुटुंबाला राहायचं आहे. ते कारण लेखी दिलं नसेल तर करार बेमुदत धरला जातो. मात्र अशा कलमाचा अर्थ 'दोन वर्षं दोघांनीही नोटीस द्यायची नाही' असाही न्यायालयाने लावल्याची उदाहरणं आहेत. म्हणून दोन वर्षं तिथे राहायची तयारी असेल तरच सही करा.

आता चौथी अट. इथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे अनमेल्डुंग, करावीच लागते. त्यासाठी मालकाचं लेखी प्रमाणपत्र लागतं आणि ते देणं त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे. न दिल्यास त्यांना १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. टॅक्स क्रमांकापासून निवास परवान्यापर्यंत तुमची सगळी कामं या नोंदणीवर अडतात, पत्नी आणि मुलगी आल्यावर त्यांचीही. शिवाय नोंदणी नको म्हणणारे बऱ्याचदा स्वतःच भाडेकरू असतात आणि मूळ मालकाला न विचारता घर पुढे देत असतात. तसं निघालं तर ऐन थंडीत मुलीला घेऊन तुम्ही रस्त्यावर याल. कोणी मित्र 'माझ्या पत्त्यावर नाव घाल' म्हणेल, तेही करू नका. तुम्ही तिथे राहत नसताना नुसता पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा आजच मालकांना शांत शब्दांत ईमेल करा : 'घर घ्यायला आनंदाने तयार आहे. राहायला आल्यावर नोंदणीचं प्रमाणपत्र मिळेल, एवढं कृपया लेखी कळवा.' बाकी कशावरही आत्ता वाद घालू नका. होकार आला तर सही करा. पैसे फक्त बँकेतून आणि फक्त करारात नाव असलेल्या व्यक्तीच्या खात्यात. घर स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि चावी हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. 'मी परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल' असं ऐकलंत तर तिथेच थांबा.

राहायला गेल्यावर भाडंही तपासून घ्या. म्युनिकमध्ये नव्या कराराचं भाडं स्थानिक सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त ठेवता येत नाही. याला अपवाद आहेत. १ ऑक्टोबर २०१४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेलं घर, किंवा आधीच्या भाडेकरूकडूनच जास्त भाडं घेतलं जात असलेलं घर. अपवादाचा आधार घ्यायचा असेल तर मालकांनी तो करारापूर्वीच सांगायला हवा, म्हणून कागद नीट वाचा. भाडं जास्त निघालं तर पहिल्या ३० महिन्यांत लेखी हरकत घ्या, म्हणजे सुरुवातीपासूनचा फरक परत मागता येतो. ईमेलही चालते. हक्क मागितला म्हणून घराबाहेर काढलं जाईल ही भीती मनातून काढा. भाडं वाढवण्यासाठी भाडेकरूला घर सोडायची नोटीस देणं इथे कायद्याने बंद आहे.

या हिशेबासाठी शहरातल्या भाडेकरू संघटनेचे, मीटरफेराइनचे, सभासद व्हा. करार घेऊन गेलात की तिथले वकील तो वाचून देतात. आधी मात्र ती ईमेल पाठवा, आजच. नोंदणीला नकार आला तर मला लगेच कळवा.