सॉइलमध्ये एमएस्सी करायचीय म्हणतेस तर

अगं, तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर देऊन संपवावं असा तो विषय नव्हता, म्हणून आज निवांत बसून लिहितेय. बीएस्सी अ‍ॅग्री झाली, घरचे म्हणतात एमपीएससी कर, मैत्रिणी हॉर्टी (फळबाग-भाजीपाला) नाहीतर ब्रीडिंगच्या (पिकांच्या नव्या जाती काढायच्या) मागे, आणि तुला सॉइल सायन्स म्हणजे मृदाशास्त्र घ्यावंसं वाटतंय पण "मातीत काय स्कोप" असं ऐकून ऐकून तू डगमगलीयस, बरोबर ना?

मला तुझ्या मेसेजमधली एकच गोष्ट लागली. शेवटी तू सहज लिहिलंस की नदीकडचं दोन एकर चोपण झालंय, ऊस गुडघ्याच्या वर जात नाही आणि बाबा दरवर्षी जिप्सम टाकतात तरी फरक पडत नाही. अगं हाच तर तुझा विषय आहे! स्कोपचं नंतर बघू. चोपण जमिनीत मातीच्या कणांवर सोडियम चिकटून बसलेला असतो, त्यामुळे ओली झाली की माती विरघळल्यासारखी होते, बारीक कण सुटून छिद्रांमध्ये अडकतात, मग पाणी वर साचून राहतं आणि वाळलं की वरचा थर दगडासारखा. जिप्सममधला कॅल्शियम त्या सोडियमला कणांवरून हुसकावतो हे खरं, पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून जायला वाट पाहिजे ना, निचराच नसेल तर तो तिथंच फिरत राहणार. तिकडे कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ भागात जमिनीखालून छिद्रांचे पाइप टाकून निचरा काढला तेव्हा अशा जमिनी परत पिकाखाली आल्या. आता तुमच्या शेतात पाणी नेमकं किती खोलीवर अडतंय, मातीत चुनखडी किती आहे, सोडियम वरच्या थरात जास्त का खालच्या, हे बाबांना आजवर कोणी मोजून सांगितलंय का? नसणारच. ते मोजायला शिकायचंय म्हणून एमएस्सी कर, बाकी कुठल्या कारणासाठी करू नकोस असं मी स्पष्ट सांगेन.

कॉलेज निवडताना मुलं होस्टेल आणि शहर बघतात, तू माती बघ. आपल्याकडची चारही कृषी विद्यापीठं वेगवेगळ्या मातीत बसलीयत. दापोलीला जांभ्याची आम्ल माती, तिथं स्फुरद म्हणजे फॉस्फरसचं खत टाकलं की लोह आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला पकडून ठेवतात, परभणीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी, अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा जिथं विहिरीचं पाणीच खारट, आणि राहुरीच्या हद्दीत आपला कालव्याचा आणि नदीकाठचा ऊसपट्टा. तुझ्या प्रश्नाला राहुरी किंवा अकोला जवळचं. राज्याच्या पीजी सीईटीबरोबर (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) आयसीएआरची, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेची परीक्षाही दे, रँक चांगला आला तर शिष्यवृत्ती मिळते आणि बाहेरच्या राज्यातली दारं पण उघडतात.

पण विद्यापीठापेक्षा गाइड, म्हणजे ज्यांच्या हाताखाली थेसिस करायचा ते, महत्त्वाचा, हे मी दहा वेळा सांगेन. सीट घ्यायच्या आधी त्यांच्या हाताखालच्या फायनल इयरच्या मुलांना गाठ आणि विचार, सर किंवा मॅडम प्लॉटवर येतात का, थेसिसचं प्रकरण दिलं की किती दिवसांनी परत मिळतं, मातीतलं झिंक, लोह मोजायचं एएएस मशीन चालू आहे का नुसतंच झाकून ठेवलंय. मुलं खरं सांगतात. आणि गाइडने पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीचाच ट्रायल (शेतातला प्रयोग) फक्त पीक बदलून दिला तर गप्प बसू नकोस, नम्रपणे विचार की यातून आपल्याला नवीन काय कळणार आहे. चांगला गाइड या प्रश्नाने चिडत नाही.

आता माझ्याकडून झालेलं सांगते, कारण ते तुझ्याकडून होऊ नये. माझे 24 प्लॉट होते, 8 ट्रीटमेंट (खत देण्याचे वेगवेगळे प्रकार), प्रत्येकाची 3 रेप्लिकेशन (तोच प्रकार तीन प्लॉटवर), जमिनीत दोन वेगवेगळ्या खोलींवरून आणि तीन वेळा सॅम्पल, म्हणजे 144 पिशव्या. सगळं मी स्वतः खणलं, व्ही आकाराचा खड्डा, कडेची एकसारखी चकती, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे, सावलीत वाळवायचं, सगळं नीट. फक्त माती गोळा करायला शेतावर पडलेली जस्ती बादली घेतली. माझ्या ट्रायलमध्ये झिंक हाच मुख्य मुद्दा होता. रीडिंग आली तर झिंक न दिलेल्या प्लॉटमध्ये सुद्धा भरपूर झिंक, मला आठवडाभर कळेना, मग लॅब असिस्टंट काकांनी विचारलं "ताई, सॅम्पल कशात आणलं?" आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्या बादलीवर झिंकचाच मुलामा असतो गं. काढणीनंतरची सगळी सॅम्पल परत घ्यावी लागली, प्लास्टिकच्या घमेल्यात, आणि आधीच्या दोन वेळची झिंकची आकडेवारी मी थेसिसमधून काढून टाकली. गाइडला जाऊन सांगताना हात कापत होते पण सांगितलं. तुझ्यावर अशी वेळ आली तर तू पण सांग, आकडा जुळवू नकोस. सेंद्रिय कर्ब मोजायचं टायट्रेशन (थेंबथेंब द्रावण टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं) करताना शेवटी हिरवा रंग येतो तो एका थेंबाने चुकतो, रात्री आठ वाजता साठावं सॅम्पल असलं की वाटतं चालतंय, पण नाही चालत, ते परत कर. आणि ब्लँक (माती न घालता केलेली तीच चाचणी) रोज लाव, कालचा ब्लँक आज वापरू नकोस. एफ टेस्ट (आकड्यांतला फरक खरा का योगायोगाचा हे बघायची चाचणी) नॉन सिग्निफिकंट आली तर तीही लिही, ट्रीटमेंटने फरक पडला नाही हे कळणं पण शेतकऱ्याच्या कामाचं असतं, त्याचे खताचे पैसे वाचतात.

एमपीएससीचं म्हणशील तर कृषी सेवेची परीक्षा चांगलीच आहे, द्यायची तर जरूर दे. पण पीजीची सीट घेऊन दोन वर्षं होस्टेलवर नुसता अभ्यास आणि थेसिस कुणाकडून तरी उरकून घ्यायचा हे करू नकोस, मला त्याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या सीटवर मातीत काम करायची इच्छा असलेली दुसरी कोणीतरी आली असती. पुढचं म्हणजे केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विषय विशेषज्ञ, खत आणि ठिबक कंपन्या, द्राक्षवाल्यांचे सल्लागार, माती परीक्षण लॅब, शिकवायचं असेल तर नेट ही पात्रता परीक्षा, आणि क्षारपड जमिनीतच पीएचडी करायची झाली तर कर्नालला त्यासाठीच केंद्राची संस्था आहे. बाहेरदेशीचं एवढ्यात डोक्यात घेऊ नकोस, आधी एक काम हातात घेऊन पूर्ण कर, मग प्रोफेसरना मेल लिहायला तुझ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

आणि घरी बाबांशी बोलताना करिअर वगैरे शब्द वापरू नकोस, सरळ म्हण की मला आपल्या दोन एकराचं कारण शोधायचंय. पाऊस उघडला, रान वापशावर आलं (ओल असून चिखल नाही) की त्यांना घेऊनच तिथं कंबरभर खड्डा घ्या, कुठल्या थरात माती चिकट लागते, पाणी कुठून पाझरतं, पांढरे खडे कुठे सुरू होतात ते टेप लावून वहीत लिही आणि फोटो काढून मला पाठव. रविवारी दुपारी मी घरीच असते, फोन कर, फोटो समोर ठेवून बोलू.