बोटीवर राहून भाडं वाचतं का?

तुमचा प्रश्न असा की कॅलिफोर्नियात ओकलंडला नोकरी लागलीय, तिथली भाडी ऐकून डोळे पांढरे झालेत, तर जुनी शिडाची बोट घेऊन मरीनात (बोटी भाड्यानं बांधून ठेवायच्या बंदरात) राहिलं तर जमेल का. मी शेजारच्याच अलामीडात 34 फुटी बोटीवर पाच वर्षं एकटा राहतोय. नुसतं भाडं वाचवायला येणार असाल तर नका येऊ. पाण्यावर राहायची खाजच असेल तर पुढे वाचा.

आधी पैशांचं बोलू. मरीनात जागेचं भाडं बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबानं लागतं. कायम राहणाऱ्याकडून वर वेगळे पैसे घेतात. तरीही ते एका खोलीच्या भाड्यापेक्षा पुष्कळ कमी पडतं आणि माणूस हुरळतो. पण दर दोन-तीन वर्षांनी बोट क्रेननं उचलून तळाला तांबं घातलेला रंग लावावा लागतो. मधे मधे पाणबुड्या येऊन शेवाळ खरवडतो, बोट ढकलणाऱ्या पंख्याजवळचा झिंकचा तुकडा बदलतो (तो झिजतो म्हणून पंखा वाचतो). तिसऱ्या वर्षी विमावाल्यांनी डोलकाठीच्या तारा जुन्या झाल्या म्हणून पॉलिसी अडवली. तोवर वाचवलेलं भाडं त्या तारांत गेलं.

शिवाय जागा मिळायला हवी. सॅन फ्रान्सिस्को बे कन्झर्वेशन अँड डेव्हलपमेंट कमिशनच्या नियमानुसार मरीनातल्या 10 टक्क्यांपर्यंतच जागांवर कायम राहता येतं. त्यामुळे प्रतीक्षा यादी. परवान्याशिवाय गुपचूप राहणाऱ्यांना इथे 'स्नीकअबोर्ड' म्हणतात. ते कोण आहेत हे सगळ्या धक्क्याला माहीत असतं.

लोक मला वादळाचं विचारतात. मरीनात वादळ म्हणजे दोरखंड करकरतात आणि शिडाच्या दोऱ्या रात्रभर डोलकाठीवर टणटण आपटतात, इतकंच. मला छळलं ते ओलीनं. हिवाळ्यात इथलं पाणी 11-12 अंशांवर जातं आणि फायबरचा तळ तेवढाच गार होतो. तुमचा श्वास, चहाची वाफ, वाळत घातलेला टॉवेल, सगळी दमट हवा त्या गार भिंतीला जाऊन चिकटते. पहिल्या डिसेंबरात मी सवयीनं कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला छताच्या झडपेच्या ॲल्युमिनियम चौकटीवरून थेंब गळायला लागले, ते नेमके लॅपटॉपवर. जानेवारीत गादी उचलली तर खालच्या फळीवर हिरवट-काळी बुरशी. रत्नागिरीला पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर यायची तशीच, वासही तोच. आता गादीखाली जाळी घातलीय, डिह्युमिडिफायर दिवसरात्र चालतो आणि सकाळी त्याची टाकी काठोकाठ भरलेली असते. कुकर मित्राला देऊन टाकला.

वीज धक्क्यावरच्या खांबातून येते, 120 व्होल्ट, 30 अँपिअर. 1,500 वॉटचा हीटर साडेबारा अँपिअर खातो, किटलीही तेवढीच. त्यात मायक्रोवेव्ह लावला की खटका पडला म्हणून समजा, आणि मग पायजम्यावर अंधारात खांबाकडे जायचं. त्यापेक्षा वाईट म्हणजे प्लग सैल होऊन तापणं. माझ्या प्लगची एक पिन काळी पडून भोवतालचं प्लॅस्टिक वितळायला लागलं होतं. वास आला म्हणून वाचलो. महिन्यातून एकदा प्लग काढून बघायचाच. गॅसचंही तसंच. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या पोटात जाऊन साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि बाहेर समुद्राकडे भोक असलेला हवा. तसा नसेल तर ती बोट घेऊ नका.

संडासाची टाकी माझी 20 गॅलनची. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ती पाण्यात सोडणं बेकायदा आहे. पंपावर नेऊन उपसायची. मी शक्यतो फाटकाजवळच्या सार्वजनिक बाथरूमला जातो, म्हणजे पावसात छत्री घेऊन. चाळीत वाढलेल्या माणसाला हे जड जाऊ नये! शेजारही चाळीसारखाच. कोणाच्या बोटीतला पाणी उपसायचा पंप जरा जास्त वेळ चालला की तीन जण टॉर्च घेऊन हजर. एकटे राहणार असाल तर पाण्यात पडल्यावर हाताला लागेल अशी शिडी आधी बसवा. इतक्या गार पाण्यात बोटं फार वेळ साथ देत नाहीत.

आणि तरी मी इथेच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हेरिंग मासे अंडी घालायला आत येतात, तेव्हा सील, सी लायन, सीगल सगळे येऊन नुसता बाजार मांडतात. रात्री दिवे मालवले की तळाखाली फोडणीतली मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. धक्क्यावरचे म्हणतात, बारक्या कोळंब्या. दोन वर्षांपूर्वी आई आली होती. "होडीत कोणी संसार मांडतं का रे?" म्हणाली, आणि पुढचे पंधरा दिवस सुकाणूजवळ बसून मेथी निवडत शेजाऱ्यांशी हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या. ओहोटीला तरंगत्या धक्क्याकडे उतरणारा पूल किती उभा होतो हे तिनं दोन दिवसांत ओळखलं. भाजीच्या पिशव्या भरतीच्या वेळेलाच आणायला लावायची.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. बोटीवर राहायला लागलं की बोट चालवणं सुटतं. शीड उभारलं की बोट कलते, म्हणजे निघण्याआधी तांदळाचा डबा, मॉनिटर, तुळशीची कुंडी, सगळं बांधून ठेवायचं. दोन तास जातात. गेल्या वर्षभरात मी चारदा बाहेर पडलो. माझा रविवारी येणारा शेजारी जमिनीवरच्या घरात राहतो आणि दर आठवड्याला शीड उभारतो.

घ्यायचीच असेल तर उन्हाळ्यात बघू नका. जानेवारीत, पाऊस पडत असताना जा. गादी उचलून खालून हात फिरवा. तळाची फळी काढून वास घ्या. मालक कुरकुरला तर दुसरी बघा.