चोचीत पाणी ओतू नकोस

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर गेला की घारी, साळुंक्या झाडाखाली निपचित पडलेल्या दिसतात. तेव्हा पहिली चूक सगळेच करतात, मीही केली: चोच उघडून पाणी ओतलं. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते ना बाप्पा! साळुंकी हातातच गेली.

बुटाच्या खोक्याला भोकं पाड, तळाशी सुती फडकं घाल, झाकून सावलीत ठेव. अंधारात पाखरू शांत होतं. सारखं उघडून फोटो काढणं बंद.

खारीचं पिल्लू असेल तर आधी ऊब. गार अंगाला काहीच पचत नाही. गाईचं दूध तर नकोच. मग सेमिनरी हिल्सचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यजीवांचा दवाखाना गाठ, नाहीतर वनखात्याच्या १९२६ वर फोन लाव.

पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं धडधाकट पिल्लू मात्र उचलू नकोस. आईबाप बहुतेक जवळच्याच फांदीवर असतात.